सोलरच्या अर्थिंगचे तीन खड्डे आहेत, पण ते एकमेकांना बांधलेत का?

प्रश्न: चोपडा तालुक्यात गावात राहतो. घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, सूर्यघर योजनेतून बसवलेलं. जूनच्या पहिल्या वादळी पावसात शेजारच्या वाड्यातल्या कडुलिंबावर वीज पडली. पॅनल शाबूत आहेत, पण इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) गेला, वायफायचा राउटर गेला. एसपीडीच्या (व्होल्टेजची लाट रोखणाऱ्या उपकरणाच्या) खिडक्या मात्र हिरव्याच आहेत. बसवणारा म्हणतो, ‘तुमचा एलए (वीज झेलणारी सळई) साधा आहे, भारीतला ईएसई (जास्त मोठा परिसर सांभाळतो म्हणून विकला जाणारा एलए) लावा आणि अर्थिंगचा चौथा खड्डा करा.’ हा खर्च करावा का? विजेशिवाय आणखी कशानं इन्व्हर्टर जळतो? आणि विमा मिळतो का?

उत्तर:

भाऊ, खर्च करा, पण ईएसईवर नको आणि चौथ्या खड्ड्यावर तर मुळीच नको. एलएचं काम म्हणजे घरावर थेट पडणारी वीज अंगावर घेणं आणि जमिनीत सोडणं. तुमच्या घरावर वीज पडलीच नाही, ती पडली कडुलिंबावर. एलए तीन हजारांचा असता काय किंवा तीस हजारांचा असता काय, त्या संध्याकाळी त्याला कामच नव्हतं. राहता राहिला ईएसई. वीजसंरक्षणाचं आपल्याकडचं मानक आहे आयएस/आयईसी ६२३०५. ते ईएसईला साध्या सळईपेक्षा संरक्षणाची जास्त त्रिज्या देत नाही. माहितीपत्रकावर छापलेलं मोठं वर्तुळ मी हिशेबात धरत नाही, तुम्हीही धरू नका.

मग इन्व्हर्टर कशानं गेला? विजेच्या एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिगेला पोचतो. एवढा प्रवाह शेजारच्या झाडातून उतरला की आजूबाजूच्या तारांच्या प्रत्येक वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. तुमच्या गच्चीवर पॉझिटिव्ह केबल एका कठड्यानं आणि निगेटिव्ह दुसऱ्या कठड्यानं आणली असेल, तर मधली सगळी गच्ची म्हणजे एक मोठं वेटोळंच झालं. पण त्याहून जास्त नुकसान करते ती जमीन. झाडाच्या बुंध्याशी जमिनीचं व्होल्टेज एकदम वर जातं आणि लांब जाल तसं उतरत जातं. तुमचे तीन खड्डे झाडापासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर आहेत, म्हणजे त्या क्षणी तिघांचं व्होल्टेज वेगवेगळं. शिवाय महावितरणच्या तारेचा न्यूट्रल लांब डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) अर्थ केलेला असतो, तिथलं व्होल्टेज आणखी चौथंच. हे सगळे धागे कुठे एकत्र येतात? इन्व्हर्टरमध्ये. फरक मिटवायला वीज त्याच्यातूनच वाट काढते.

‘आमचं अर्थिंग पाच ओहमच्या आत आहे’ असं ठेकेदार अभिमानानं सांगतो, आणि पाच ओहम वाईट नाहीतच. पण प्रवाह आणि ओहम (जमिनीचा रोध) यांचा गुणाकार करून बघा. थेट एलएवर वीज पडली, तर ३०,००० गुणिले ५ म्हणजे दीड लाख व्होल्ट. एलएचा खड्डा दीड लाखावर आणि दहा पावलांवरचा इन्व्हर्टरचा खड्डा जवळजवळ शून्यावर! ओहम पाचाचे दोन केले तरी साठ हजार उरतातच. तारेवर बसलेल्या चिमणीला ११ हजार व्होल्टही काही करत नाहीत, कारण तिचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. इन्व्हर्टरचे सगळे पाय एका व्होल्टेजवर ठेवायचे, आपलं काम एवढंच आहे.

म्हणून तीनही खड्डे जमिनीखालून एकमेकांना बांधून घ्या. २५ बाय ३ किंवा २५ बाय ६ मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी, दीड-दोन फूट खोल चर खणून, एका खड्ड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात. जोड खड्ड्याच्या चेंबरमध्ये नटबोल्टचा ठेवा, म्हणजे पुढे एकेका खड्ड्याचं माप घ्यायचं झालं तर तेवढा सोडवता येतो. ही माझ्या पदरची कल्पना नाही. सरकारी सोलर कामांच्या तांत्रिक अटींत ‘सगळे अर्थ एकाच व्होल्टेजवर राहतील असे जोडा’ असं लिहिलेलं असतं. होतं काय, की एलएला एक, डीसीला एक, एसीला एक अशी खड्ड्यांची मोजणी सगळे वाचतात. पुढची ओळ कोणी वाचत नाही. ७८ हजारांचं अनुदान मिळवून देतो म्हणून कमी भावात काम उचललेलं असतं आणि मातीखाली काय आहे ते कोणी बघत नाही, तेव्हा काटकसर तिथेच होते.

‘एलए आणि इन्व्हर्टरचं अर्थिंग जोडलं तर वीज उलटी घरात येईल ना?’ हे मला प्रत्येक जण विचारतो, वायरमनसुद्धा. खड्डे मातीतून जोडलेले आहेतच भाऊ, फक्त वाईट रीतीनं जोडलेले आहेत. पट्टी टाकल्यावर खड्ड्यांमधल्या फरकाला इन्व्हर्टरमधून जायचं कारणच उरत नाही. मात्र जोड जमिनीच्या पातळीवरच हवा. एलएची खाली येणारी पट्टी घराबाहेरून सरळ उतरली पाहिजे. तिला काटकोनात वळवू नका, आणि डीसी केबलच्या पाइपातून किंवा इन्व्हर्टरच्या शेजारून तर आणूच नका.

बांधण्याआधी एक गोष्ट तपासा, ही मी कोणालाच माफ करत नाही. आपल्याकडे मळ्यात, कधी गावातही, थ्री-फेज नसताना एक फेज आणि अर्थिंग घेऊन दिवे-पंखे चालवायची सवय आहे. तुमच्याकडे किंवा भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात तसं काही असेल, तर आधी ते बंद करा. नाहीतर तो प्रवाह तुमच्या खड्ड्यात येईल आणि पट्टीवाटे गच्चीवरचं लोखंडी स्ट्रक्चर चिमटे काढायला लागेल. न्यूट्रलही स्वतःच्या मनानं या पट्टीला जोडायचा नाही.

आता एसपीडीच्या हिरव्या खिडकीकडे येतो. हिरवी खिडकी म्हणजे आतला घटक अजून जिवंत आहे, एवढंच. त्यानं इन्व्हर्टरला वाचवलं की नाही, ते खिडकी सांगत नाही. तुमच्या डीसीडीबीचं (पॅनलच्या डीसी तारा येतात त्या पेटीचं) झाकण उघडून बघा. बहुतेक ठिकाणी मला असं दिसतं: एमसीबी डावीकडे, एसपीडी उजव्या टोकाला, दोघांच्या मधल्या तारा छान गोल वळवून टायनं बांधलेल्या. एसपीडीची हिरवी अर्थ वायर पेटीतून खाली उतरते, पोर्चच्या भिंतीवरून फिरून सात-आठ मीटरवर खड्ड्यात जाते. इन्व्हर्टरच्या बॉडीची अर्थ वायर वेगळ्या वाटेनं वेगळ्या खड्ड्यात. दिसायला नीटनेटकं काम, पण उपयोग नाही.

कारण असं. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाह झपाट्यानं बदलला की होणारा अडथळा) असतो. रोजच्या ५० हर्ट्झला त्याचं काहीच वाटत नाही. पण १० हजार अँपिअरची लाट ८ मायक्रोसेकंदांत चढते, तेव्हा त्याच एका मीटरवर बाराशेच्या वर व्होल्ट उभे राहतात. एसपीडी स्वतः दोन-अडीच हजारांवर व्होल्टेज रोखतो. त्याला दोन मीटर तार जोडलीत की इन्व्हर्टरला मिळतात जवळजवळ पाच हजार. घरगुती इन्व्हर्टरची सहनशक्ती अडीच ते चार हजारांच्या घरात असते. म्हणजे एसपीडी चोख काम करतो, खिडकी हिरवी राहते आणि इन्व्हर्टर जातो. तुमच्याकडे घडलं त्याच्याशी हे जुळतं.

उपाय स्वस्त आहे. पॅनलकडून आलेली तार आधी एसपीडीच्या टर्मिनलवर आणा आणि तिथूनच पुढे इन्व्हर्टरकडे न्या, फाटा काढू नका. पेटीतच, एसपीडीच्या बुडाशी, एक तांब्याची अर्थ पट्टी बसवा. एसपीडीचा अर्थ त्या पट्टीला, इन्व्हर्टरच्या बॉडीचा अर्थही त्याच पट्टीला, एसी बाजूच्या एसपीडीचाही तिथेच. एसपीडीच्या दोन्ही बाजूंची तार मिळून अर्धा मीटरच्या आत बसली पाहिजे. मग त्या पट्टीपासून खड्ड्यापर्यंत दहा मीटर तार असली तरी इन्व्हर्टरला फारसा फरक पडत नाही, कारण त्याचे सगळे पाय त्या छोट्या पट्टीवर एकत्र आलेले असतात.

पॅनल गच्चीवर आणि इन्व्हर्टर खाली पोर्चमध्ये, मधली केबल दहा मीटरपेक्षा जास्त असेल, तर डीसीचा एसपीडी दोन्ही टोकांना लागतो, एक पॅनलजवळ आणि एक इन्व्हर्टरजवळ. रेटिंगही बघा. तुमच्याकडे साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल असतील, तर उघडं (काही भार नसतानाचं) व्होल्टेज साधारण ३०० होतं. जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा त्यात आणखी पाच टक्के धरा. याला ६०० व्होल्ट डीसीचा एसपीडी पुरतो. दुकानात हजार व्होल्टचा सहज मिळतो म्हणून तोच लावतात आणि ‘जास्त व्होल्टचा आहे, चांगलाच’ म्हणतात. तो उशिरा जागा होतो, चार हजारांच्या जवळपास. तुमच्या इन्व्हर्टरसाठी तो निकामीच.

एलए पॅनलच्या स्ट्रक्चरलाच क्लॅम्प केलेला असेल तर ते मात्र बदला. थेट वीज पडली तर पूर्ण प्रवाहाचा वाटा स्ट्रक्चरमधून डीसी केबलवर येतो. तो नेहमीच्या टाइप २ एसपीडीच्या आवाक्यातला नाही. एलएचा खांब पॅनलपासून किमान मीटरभर दूर, कठड्यावर स्वतंत्र उभा करा. सावली पॅनलवर पडू नये म्हणून उत्तरेच्या अंगाला. जागाच नसेल तर स्ट्रक्चर १६ चौरस मिलिमीटर तांब्यानं एलएच्या पट्टीला नीट जोडून टाका आणि एसपीडी टाइप १ अधिक २ चा (थेट विजेचा वाटाही झेलणारा) घ्या. दाट वस्तीत, शेजारी उंच पाण्याची टाकी असताना, तीन किलोवॅटच्या घराला एलए हवाच असं मी म्हणणार नाही. केळीच्या बागांत एकटं उभं असलेलं मळ्यातलं घर असेल, तर हवाच.

जमिनीचं माप कधी घेतलंत, हेही महत्त्वाचं आहे. बसवताना श्रावण-भाद्रपद असेल तर काळ्या मातीत दोन ओहमही येतात आणि तेच प्रमाणपत्रावर लिहिलं जातं. वैशाखात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती आक्रसते आणि रॉडपासून सुटते. आणि आपल्याकडे विजा कडाडतात त्या नेमक्या मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला, जमीन सर्वांत कोरडी असताना. म्हणून अर्थ टेस्टरनं माप मे महिन्यात घ्या. रॉड तीन मीटर खोल, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). मीठ-कोळशाचा जुना खड्डा चालतो, पण मीठ धुऊन जातं आणि जाता जाता जीआयचा पाइप खातं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत हे काम सोपं आहे. साक्रीकडे, नवापूर-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्टीत दोन-तीन फुटांवर मुरूम किंवा काळा खडक लागतो. तिथे जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली तरी तीन मीटरचा एक रॉड ३३ ओहमच्या आसपास देतो. अशा ठिकाणी खाली खणत बसण्यापेक्षा घराभोवती आडवी पट्टी पुरून तिचा फेरा पूर्ण केलेला बरा.

गच्चीवर गेलात की मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पॅनलची फ्रेम आणि स्ट्रक्चर यांच्यात लावून बघा. बऱ्याच वेळा तो वाजतच नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, तो वीज वाहत नाही. नुसता नटबोल्ट आवळला म्हणजे अर्थिंग झालं असं होत नाही. दातेरी वॉशर हवा, तो थर खरवडून आत घुसतो. तांब्याचा लग थेट ॲल्युमिनियमला लावू नका, दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी भुकटी धरते. लग कथिलाचा मुलामा असलेला घ्या.

राउटर गेला त्याची वाट वेगळी. लाइटच्या प्लगमधून किंवा लॅन केबलमधून लाट आली असणार. इन्व्हर्टरला लॅन केबल लावली असेल तर काढून वायफायवर चालवा, आणि डिशची केबल डीसी केबलच्या पाइपातून आणली असेल तर ती वेगळी करा.

विजेशिवाय इन्व्हर्टर कशानं जातो, तर खेड्यात पहिला नंबर न्यूट्रलचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला की सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ३५० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. एका घरात बल्ब लख्ख पेटतो, शेजारी मिणमिणतो, ही त्याची खूण. असं दिसलं की मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. इथे एसपीडी कामाचा नाही. तो मायक्रोसेकंदांच्या लाटेसाठी आहे. २७५ व्होल्टच्या एसपीडीवर ४०० व्होल्ट मिनिटभर राहिले तर तोच तापतो, कधी पेटीसकट जळतो. त्यासाठी मेन स्विचनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. इन्व्हर्टरबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतात. एसपीडीच्या मागे स्वतःचा एमसीबी किंवा फ्यूज हवा, तो पुष्कळ पेट्यांत नसतो.

दुपारी इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद पडत असेल तर तो बिघाड नाही. लाइनच्या शेवटच्या घरांत दुपारी व्होल्टेज तसंही चढतं, त्यात बारीक तारेची भर पडते. इन्व्हर्टर ते मीटर ३० मीटर असेल आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची, तर १३ अँपिअरला जवळजवळ सहा व्होल्ट तिच्यातच चढतात. सहा चौरस मिलिमीटरची टाकली तर अडीचच्या आत. सेटिंग वाढवून मागू नका, तार बदला. तरीही व्होल्टेज चढत असेल तर डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलण्यासाठी लेखी अर्ज द्या.

डीसीची ठिणगी हा आगीचा विषय आहे, तो हलक्यात घेऊ नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीचा येत नाही, ती जळतच राहते. एसीचा साधा एमसीबी डीसीला लावलेला दिसला तर त्या दिवशीच बदलून घ्या. डीसी एमसीबीवर अधिक-उणे खुणा असतील तर त्या उलट लागलेल्या नाहीत ना, ते बघा. पॅनलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरचं नर-मादी एकाच कंपनीचं हवं. दोन वेगळ्या कंपन्यांचे अर्धे बसतात खरे, पण आत संपर्क कच्चा राहतो आणि उन्हाळ्यात प्लास्टिक वितळतं. आपल्याकडे ४५ अंशांत स्लॅबवर लोळणारी केबल, त्यात खारी आणि उंदरांचे दात, कधी वानरांची ओढाताण. पावसाळी सकाळी इन्व्हर्टरवर ‘आयसोलेशन’चा (डीसी तारेतून वीज गळत असल्याचा) अलार्म येतो आणि ऊन पडलं की जातो, तो बहुतेक वेळा याचाच असतो. रीसेट करून विसरू नका, केबल शोधून काढा. आणि उन्हात चालू सिस्टीमचा कनेक्टर हातानं ओढायचा नाही. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसीचा स्विच), मग बाकीचं. एमसीबी पाडला तरी पॅनलपासून त्या एमसीबीपर्यंतची तार दिवसभर जिवंतच असते.

ढग गडगडायला लागले की एमसीबी पाडावा का? लाइनच्या बिघाडासाठी एसी बाजूचा पाडायला हरकत नाही. विजेची लाट मात्र एमसीबीच्या आतलं काही मिलिमीटरचं अंतर सहज उडी मारून जाते. त्यासाठी भर पावसात गच्चीवर जाण्यात अर्थ नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवा, आसपास विजांचा धोका असेल तर ते सांगतं.

विमा आणि वॉरंटी. इन्व्हर्टरच्या वॉरंटीत वीज पडून झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. पण सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडे असते, त्यामुळे खड्डे बांधणं आणि पेटीतली वायरिंग सुधारणं हे त्याच्याकडून लेखी मागा. घराचा विमा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून चालू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वीज पडणं हा धोका धरलेला आहे. तुमच्या पॉलिसीत सोलर घराच्या रकमेत मोजलंय की नाही, ते शाखेत विचारून घ्या. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या. दावा करायचा तर इन्व्हर्टरच्या सीरियल नंबरचा फोटो, कडुलिंबाचा फोटो आणि सर्व्हिस सेंटरचा ‘सर्जमुळे (व्होल्टेजच्या लाटेमुळे) बिघाड’ असा लेखी अहवाल लागेल. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळका इन्व्हर्टर बदलीत परत देऊ नका, तो प्रत्यक्ष बघायला मागतात.